जर्मनचं पातेलं

गेल्या वर्षी ऑनसाईटहून परत येताना आजीसाठी एक पातेलं आणलं. जाड बुडाचं, स्टीलचं, काचेचं झाकण असलेलं. किंमत युरोत होती तेव्हा ठीक वाटली, रुपयात गुणल्यावर पोटात गोळा आला. पण म्हटलं, आजी काही रोज रोज घ्यायला सांगत नाही. तेवीस किलोच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ते सांगलीपर्यंत सुखरूप पोचवलं.

आजीने उलटंसुलटं करून पाहिलं. मी बुडावर कोरलेली अक्षरं दाखवली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, जर्मनीचं आहे."

आजीचा चेहरा पडला. "एवढं लांबनं आणलंस, आणि जर्मनचं आणलंस होय रे? इथं बाजारात ढिगानं मिळतंय की. आणि आंबट चालत नाही त्यात."

आई स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. आजीला समजावायला पाच मिनिटं गेली. हे ते जर्मन नव्हे, हे स्टील आहे, जर्मनी नावाच्या देशात बनलेलं. शेवटी आजी म्हणाली, "म्हणजे जर्मन न्हवं ना? मग चांगलं आहे." आणि पातेलं फडताळात वरच्या फळीवर गेलं.

ज्यांच्या घरी आजी किंवा गाव, दोन्हींपैकी काहीच उरलं नाही त्यांच्यासाठी खुलासा: आपल्याकडे 'जर्मन' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. काही घरांत 'जर्मल'ही म्हणतात. भंगारवाल्याकडे जा, तांबं, पितळ, लोखंड यांच्या शेजारी 'जर्मन'चा वेगळा भाव सांगेल. आणि या शब्दाला एक ठरलेला दर्जा आहे. तांब्यापितळेची भांडी रुखवतात मांडायची, स्टीलची नावं घालून आहेरात द्यायची, आणि जर्मनची? अंघोळीचं पाणी तापवायला. जर्मन म्हणजे हलकं, स्वस्त, पोचे पडणारं, आंबट लागलं की खराब होणारं.

त्या विकांताला मला एकच किडा चावला. एकाच शब्दाचा अर्थ माझ्या तोंडी 'सगळ्यात भारी' आणि आजीच्या तोंडी 'सगळ्यात हलकं' कसा काय? आम्ही दोघं एकच शब्द वापरतोय ना?

तर आधी धातूचं बघू. अ‍ॅल्युमिनियमशी जर्मनीचा संबंध आहे, पण फार नाही. १८२५ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं डेन्मार्कच्या ऑरस्टेडने. १८२७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्योलरने ते पुन्हा, जास्त चांगल्या रीतीने केलं. पण ते स्वस्त झालं १८८६ च्या शोधामुळे, विजेच्या साह्याने अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या पद्धतीमुळे, आणि ती शोधली अमेरिकेच्या हॉलने आणि फ्रान्सच्या एरूने, एकाच वर्षी, एकमेकांना न सांगता. आपल्याकडे त्याची भांडी बनवायला सुरुवात झाली ती १८९८ च्या सुमारास मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये, आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज इंजिनियरच्या हाताखाली. म्हणजे डॅनिश, जर्मन, अमेरिकन, फ्रेंच, इंग्रज आणि मद्रासी अशी ही सगळी वरात, आणि नाव लागलं फक्त जर्मनाचं.

मला यातलं पटणारं स्पष्टीकरण असं. अ‍ॅल्युमिनियमच्या आधी बाजारात 'जर्मन सिल्व्हर' होतं. दिसायला चांदीसारखं, आत चांदीचा कणही नाही; तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. हेही मूळचं जर्मन नाहीच. चीनमध्ये असा पांढरा धातू कित्येक वर्षं बनत होता, जर्मनीतल्या लोकांनी १८२० च्या दशकात त्याची नक्कल जमवली. खुद्द जर्मनीत त्याला म्हणतात 'नॉयझिल्बर', म्हणजे नवी चांदी. बाहेरच्यांनी मात्र जर्मन सिल्व्हर म्हटलं. मग दुसरा एक पांढरा, चमकदार, चांदी नसलेला धातू आला, तेव्हा जुनंच नाव त्यालाही चिकटलं असणार. 'सिल्व्हर' गळालं, 'जर्मन' उरलं. व्हेरिएबलचं नाव तेच ठेवून आत वेगळीच व्हॅल्यू भरण्याचा प्रकार, जो आम्ही हापिसात रोज करतो आणि मग रात्री जागतो.

एकदा लक्ष गेलं की हा शब्द सगळीकडे दिसायला लागतो. राजकीय सभेच्या बातमीत 'जर्मन हँगर'चा मंडप असतो. इथे जर्मन म्हणजे खांब मध्ये न येणारा, वादळवाऱ्यात न पडणारा, आणि अर्थातच बिल मोठं असणारा. गाद्यांच्या आणि मॉड्युलर किचनच्या जाहिरातीत 'जर्मन टेक्नॉलॉजी' असते. पुण्यात अकरावीला 'जर्मन घेतलं' याचा अर्थ मुलाला ग्योटं वाचायचाय असा नसतो, मार्क पडतात असा असतो. (मीही घेतलं होतं. मराठीपेक्षा स्कोअरिंग म्हणून. आता मराठीत लिहून प्रायश्चित्त घेतोय.) आणि हल्ली 'तो जर्मन करतोय' म्हणजे ए-वन, बी-वनच्या परीक्षा देऊन तिकडे जायची तयारी चालू आहे.

'जर्मन बेकरी' म्हणजे तर लेह, मनाली, पोखरा, जिथे जिथे पाठीवर सॅक लावलेले परदेशी जातात तिथे हमखास दिसणारी पाटी. पुणेकरांसाठी मात्र ते नाव १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी वेगळं झालं. कोरेगाव पार्कातल्या त्या स्फोटात १७ माणसं गेली. त्यानंतर ते नाव ऐकलं की ब्रेड आठवत नाही.

आता उलटं उदाहरण. कोकणात आणि आमच्याकडेही जुन्या घरांवर लाल कौलं असतात. ती सुरू केली बाझल मिशनने. मिशन स्वित्झर्लंडमधल्या बाझलची, त्यातले बरेच मिशनरी जर्मन. त्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. ही कौलं इतकी टिकाऊ निघाली की गावोगावी पसरली, आणि आपण त्यांना काय म्हणतो? मंगलोरी कौलं. म्हणजे जर्मन हात खरोखर लागलेली वस्तू मंगलोरी, आणि चहूकडून गोळा झालेला धातू जर्मन. 'जर्मन' हे विशेषण वस्तू कुठून आली ते सांगत नाही. ती आपण कुठल्या फळीवर ठेवली, तेवढं सांगतं.

आणि हे फक्त आपणच करतो असं नाही. रुबेला या आजाराला इंग्रजीत 'जर्मन मीझल्स' म्हणायचे, आपल्या पुस्तकांत तो 'जर्मन गोवर' झाला. कारण एवढंच की अठराव्या शतकात त्याचं वर्णन पहिल्यांदा जर्मन डॉक्टरांनी केलं. ज्यांनी रोग ओळखला त्यांच्याच नावावर रोग! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या रोगांना देशाचं किंवा गावाचं नाव देऊ नका असं सांगितलं, ते शहाणपण फार उशिरा आलं. पहिल्या महायुद्धात तर गंमतच झाली. ब्रिटनमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्याचा 'अल्सेशियन' झाला आणि तो १९७७ पर्यंत अधिकृतपणे तसाच राहिला. राजघराण्याने १९१७ मध्ये आपलं जर्मन आडनाव टाकून 'विंडसर' घेतलं. कुत्रा तोच, राजा तोच. फक्त शब्द नकोसा झाला होता.

खुद्द जर्मन लोक स्वतःला जर्मन म्हणतच नाहीत. ते 'डॉइच'. या शब्दाचं मूळ मला फार आवडलं: 'लोकांची', म्हणजे लॅटिन नव्हे ती, सामान्यांच्या तोंडची भाषा. आपल्याकडे संस्कृतसमोर प्राकृत, तसं. फ्रेंच त्यांना आलेमान म्हणतात, फिनलंडचे लोक साक्सा. दोन्ही एकेका जुन्या टोळीची नावं, शेजाऱ्याला जी टोळी पहिल्यांदा भेटली ती. रशियन आणि पोलिश भाषांतला शब्द 'मुका' या अर्थाच्या मुळापासून आला असं मानतात. आपली भाषा न येणारा तो मुका. यावर हसण्याआधी आपला 'म्लेच्छ' आठवावा. त्याचाही मूळ अर्थ अस्पष्ट, न कळणारं बोलणारा असाच. आणि मॅक्स म्युलरने ऋग्वेद छापला (१८४९ ते १८७४, सहा खंड) तेव्हा संस्कृतात स्वतःला मोक्षमूलर, ऑक्सफर्डला गोतीर्थ आणि जर्मनीला शार्मण्यदेश केलं. एकाच देशाचं नाव पोथीत शार्मण्य आणि मोरीत जर्मन.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. आता मला जे खरं सांगायचंय ते.

माझी डिग्री मेकॅनिकलची. (जावा लिहितो. विचारू नका.) थिअरी ऑफ मशीन्स शिकताना फ्रान्ट्स रॉयलो हे नाव येऊन जातं, यंत्रांच्या गतिशास्त्राचा बाप. हा माणूस १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनाला जर्मनीतर्फे परीक्षक म्हणून गेला आणि तिथून त्याने घरी पत्रं लिहिली. आपल्या देशाच्या मालाचं वर्णन त्याने तीन शब्दांत केलं: बिलिग उंड श्लेष्ट. स्वस्त आणि वाईट. म्हणजे आमची आजी जर्मनच्या भांड्याबद्दल जे म्हणते तेच, आणि म्हणणारा जर्मन इंजिनियर! ही पत्रं छापून आली, देशात प्रचंड आरडाओरडा झाला.

पुढे ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला, की बाहेरून आलेल्या मालावर तो कुठे बनला हे लिहिलं पाहिजे. मुख्य रोख जर्मन मालावर. शेफिल्डची म्हणून खपवली जाणारी हलकी सुरी गिऱ्हाइकाला ओळखू यावी, म्हणून 'मेड इन जर्मनी'. म्हणजे माझ्या पातेल्याच्या बुडावर कोरलेली ती अभिमानाची अक्षरं मुळात सावधानतेचा इशारा होती! आणि मग नऊच वर्षांत, १८९६ मध्ये, विल्यम्स नावाच्या एका इंग्रजाने याच नावाचं पुस्तक लिहून आपल्या लोकांना घाबरवलं, की घरातल्या खेळण्यांपासून पियानोपर्यंत बघा, सगळीकडे हेच लिहिलेलं सापडेल. शिक्का मारला लाज आणायला, झाली जाहिरात.

हे वाचताना मला एक कॉन कॉल आठवला. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनला एक बग सापडला. एक नल चेक राहिला होता. क्लायंटकडच्या एका आर्किटेक्टने स्क्रीन शेअर केला, ती ओळ सिलेक्ट केली आणि विचारलं, "हे इंडियाचं आहे का?" आमच्या बाजूला सगळे म्यूटवर. मग मॅनेजर म्हणाले, हो, आम्ही बघतो. झालं, पुढचा विषय.

तो नल चेक मी विसरलो होतो. मी, रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना. चूक माझी होती, नाव देशाचं लागलं. त्याआधी महिन्याभरापूर्वी त्यांच्याच ऑफिसातल्या एकाने अख्खा बिल्ड मोडला होता, तेव्हा सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन चेष्टा केली, तोही हसला, संपलं. त्याने बिल्ड मोडला तेव्हा तो एक माणूस होता. मी मोडला तेव्हा मी इंडिया होतो. मला त्या प्रश्नाचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण रागापेक्षा जास्त वाटलं ते असं, की मला साधी स्वतःची चूकसुद्धा स्वतःच्या नावावर करता येत नाही.

जर्मनीत तर हा शब्द निवडणुकीत वापरून झालेला आहे. २००० साली तिथल्या सरकारने बाहेरच्या आयटीवाल्यांना ग्रीन कार्ड द्यायचं ठरवलं, आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या प्रचारात विरोधी पक्षाच्या उमेदवाराच्या नावाने एक घोषणा गाजली: 'किंडर स्टाट इंडर'. भारतीयांऐवजी मुलं. यमक जुळतं ना, म्हणून तोंडात बसली. तो उमेदवार ती निवडणूक हरला. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच देशाच्या सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्र शासनानेही बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. शब्द तोच, 'इंडर'. फळी बदलली.

मग यातून शिकायचं काय? 'माल सुधारा, नाव आपोआप सुधारेल' हे उत्तर सोपं आहे, आणि अर्धं खरंही आहे. रॉयलोला मी मानतो, कारण बाहेरच्याने हिणवण्याआधी त्याने घरातच खरं सांगितलं. आपल्याकडे असं कुणी लिहिलं तर त्याला पहिल्यांदा देशद्रोही ठरवू आणि मग कोड रिव्ह्यू करू, किंवा करणारही नाही. माझा नल चेक राहिला कारण आमच्याकडे रिव्ह्यू म्हणजे 'अप्रूव्ह'वर क्लिक करणं. हे आमचं आम्हीच म्हटलं पाहिजे.

पण उरलेलं अर्धं मला तिथल्या कँटीनमध्ये कळलं. जेवताना मी आजीच्या पातेल्यांची गोष्ट सांगितली, की आमच्याकडे जर्मन म्हणजे स्वस्तातलं अ‍ॅल्युमिनियम. टेबलावरचे जर्मन पोट धरून हसले. त्यांना हसायला परवडतं, त्यांच्या नावाची किंमत जगात ठरलेली आहे. आमच्यात एक तुर्की आई-बापांचा मुलगा होता, जन्म, शाळा, सगळं तिथलंच. तो म्हणाला, आमच्याकडे पण आहे असा शब्द. 'गेट्युर्क्ट'. बनावट, फसवाफसवीचं, या अर्थाचा, आणि ऐकायला शब्दशः 'तुर्की केलेलं'. शाळेत गणिताच्या सरांनी एकाच्या उत्तराबद्दल तो वापरला आणि मग सगळ्या वर्गाने वळून त्याच्याकडे बघितलं. आता बरेच जण तो शब्द टाळतात, तो म्हणाला. टेबलावर कुणी हसलं नाही.

त्या मुलाने कुठला माल सुधारायचा होता?

मला वाटतं फरक इथे आहे. पातेल्याला जर्मन म्हटल्याने पातेल्याला काही वाटत नाही, आणि आमच्या आजीने म्हटल्याने जर्मनीचंही काही बिघडत नाही. पण जेव्हा देशाचं नाव विशेषण म्हणून वापरतो आणि ते ऐकणारा माणूस समोर बसलेला असतो, तेव्हा आपण त्याचं काम बघायचं सोडून शिक्का बघतो. आणि आपण काय कमी करतो का? मोबाईल पहिल्या महिन्यात बंद पडला की 'चायना माल'. हातात धरलेला महागडा फोन पण बऱ्याचदा तिथेच जुळलेला असतो, पण तो चायना नसतो, तो ब्रँड असतो. आमच्या सोसायटीत लिफ्ट अडकली की सेक्रेटरी काका म्हणतात 'बिहारी वॉचमननेच काहीतरी केलं असणार'. त्या वॉचमनला नाव आहे. मी तीन वर्षं राहतोय तिथे आणि मला ते गेल्या महिन्यात कळलं, तेही कुरियरच्या पावतीवर त्याने सही केली म्हणून. तेव्हा त्या आर्किटेक्टवर रागवायचा माझा हक्क तसा कमीच.

एवढं मात्र ठरवलंय. पुढच्या वेळी कॉलवर कुणी "हे इंडियाचं आहे का?" विचारलं, तर अनम्यूट करून सांगायचं: माझं आहे. मी लिहिलंय, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो. मॅनेजरना आवडेल न आवडेल, असो.

पातेल्याचं म्हणाल तर दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा आजीने त्यात कढी केली होती. आंबट. शेजारच्या काकूंनी विचारलं, नवीन दिसतंय, कुठलं? आजी म्हणाली, "नातवानं आणलंय."